उजवी पाकळी

—नाय, आत नाय जायचं बाय. आत्ता कुणीच आत नाय जायचं, सिस्टरनी सांगून ठेवलंय. इथं बसा, ह्या सोप्यावर. थांबा, पुसून देते — तुमची साडी चांगली आहे. हां. पाळीहून पेडण्यापर्यंत म्हणजे दमला असाल — जीपनं आलात? तरी पण रस्ता तो रस्ताच, खनिजाच्या गाड्यांनी चाळण केलीय त्याची, आणि त्या गाड्या कुणाच्या ते मी तुम्हाला सांगायला नको. हा घ्या चा. तुम्ही गेटातून वळताना दिसलात तेव्हाच ठेवला होता. मी ह्या अनाथाश्रमात रांधते ना, सगळ्यांचा चा माझ्याच हातचा. घेत नाय? कोप घासलेला आहे हो, काचेचा आहे, आतलं दिसतं. बरं, राहू द्या, ठेवते बाजूला. मलाच आठवायला पाहिजे होतं — तुमच्या मागल्या दारी तांदूळ पाखडायला येत होते तेव्हा पाणी मागितलं की तुम्ही वरून ओतायचात, मी ओंजळ धरायची. पाणी थंड असायचं मात्र. विहीर चांगली तुमची. त्या बाबतीत खोटं नाय बोलणार.

ह्या जनेलातून दिसतं. थोडं इकडं सरका — हां, तिथून, गज आहेत पण दिसतं. ती बाई जमिनीवर बसलीय ना, मांडी घालता येत नाय म्हणून पाय एका बाजूला टाकून, ती. डेन्मार्क म्हणून देश आहे, तिकडची. केस बघा, नारळाच्या सोडणासारखे. तो भिंतीला टेकलेला उंच माणूस तिचा नवरा. रोज सकाळी येतात, दिवे लागले की जातात. सिस्टर म्हणतात, पोर दत्तक न्यायची तर आधी ओळख झाली पाहिजे, बाजारातली कोंबडी नेतात तशी पाय बांधून नेता येत नाय. पहिल्या दिवशी पोर मेजाखाली जाऊन बसली, बाहेरच येईना. सिस्टरनी बोलावलं, खाऊ दाखवला — नाय म्हणजे नाय. तर त्या बाईनं काय करावं? तीपण मेजाखाली शिरली! एवढी मोठी बाई, गुडघे हनुवटीला लागलेले. बसून राहिली. बोलली नाय, हात लावला नाय. मी दारात उभी, हातात डाळीचं भांडं — मला असा राग आला! का आला? कारण मला वाटलं होतं पोर घाबरेल, रडून गाव गोळा करेल, ह्यांना नको म्हणेल. आणि ती मेजाखालून बाहेर आली ती त्या बाईच्या झग्याचं टोक धरून.

काय? कुठली पोर? अहो, खोलीत एकच तर पोर आहे. पिवळ्या फ्रॉकातली. बघा नीट. लांबून आलात ना बघायला? मग बघा.

रेश्मा. रेश्मा नाव तिचं. सिस्टरनी ठेवलं. बारशाला कानात नाव सांगायला आते लागते, आणि तिची आते तुमच्या घरात वाढलेली, ती कशाला येईल? तेव्हा कानात कुणी काय सांगितलंच नाय.

आज पणजीला नेणार तिला. जज्जासमोर. जज्ज विचारणार, ह्या पोरीवर कुणाचा हक्क आहे काय, कोण नाय म्हणणारं आहे काय — सिस्टर सांगणार, आईची आई आहे, तिनं अंगठा दिलाय, दुसरं कोण नाय. की झालं. मग दाबोळीचं विमान. गाडी यायची आहे अजून, तोवर आपल्याला वेळ आहे. तुम्हाला बातमी लागली कशी, तेच नवल. लोकांच्या जिभेला हाड नसतं, कोणीतरी बोललं असेल.

तिकडं म्हणे वर्षातले कितीतरी महिने बर्फ. तिनं फोटो दाखवलेत पोरीला — लाकडाचं घर, एक केसाळ कुत्रा, भिंतीलगत एक खाट, एकाच माणसाची. पोर विचारते, ह्या खाटीवर कोण निजतं? सिस्टरनी त्यांच्या भाषेत विचारून सांगितलं, कोण नाय, ती तुझी. इथं एका खाटीवर दोघी निजतात ना. आणि भाषा तरी कसली त्यांची! घशात पाणी घेऊन खुळखुळवतात तशी. मला हसू येतं बाय, खरंच सांगते. गेल्या वर्षी तुमचे यजमान कृष्णनाथबाब मराठीचा झेंडा घेऊन उभे, समोरचे कोंकणीचा घेऊन उभे, रस्त्यांवर झाडं काय आडवी टाकली, बशी काय जाळल्या. आमची डाळ-तांदळाची गाडी थिवीला अडकली, पोरांना मी तीन दिवस नुसती पेज वाढली. आता गोव्याचं राज्य झालं, भाषा ठरली, पताकाही लावून झाल्या — आणि तुमच्या घराण्यातली एकुलती एक नात बोलणार काय? तर घशात पाणी खुळखुळवल्यासारखं. कृष्णनाथबाबांना सांगा. नक्की सांगा.

म्हटलंच मी. निघून गेलं तोंडातून. तुमच्या घराण्यातली म्हटलं. आता काय करता? उठून जाता? नाय ना जात. बसा मग.

माझी शालिनी तुमच्याकडे आली तेव्हा तिला नीट पदर घेता येत नव्हता. माझा घोव खाणीवर गेला, वरून माती आली अंगावर, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोरीला आमच्याकडे ठेव, जेवून-खाऊन राहील. मला वाटलं केवढं मन! आम्ही सावंतवाडीकडची माणसं, पाळीत आमचं कोण होतं? शालिनी तुमची भांडी घासायची, देवाची उपकरणी चिंचेनं लख्ख करायची, तुमच्या मुलाचे, गोकुळदासबाबाचे शर्ट इस्त्री करायची. इस्त्रीच करत होती ना? तुम्हाला दिसत होतं. एवढं मोठं घर असलं तरी आईला दिसतं — मला दिसलं नाय, कारण मी घरात नव्हते. तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही तिला नवीन चोळीचं कापड दिलंत. त्या कापडाचा अर्थ मला मागाहून कळला.

मग मी आले. मागल्या दारी. ओरडले नाय मी, आठवतं? मी हळू बोलले. म्हटलं, बाय, पोर बाबाची आहे. लग्न करा असं मी म्हणतसुद्धा नाय, आमची पायरी मला ठाऊक आहे, पण पोराला नाव द्या, आपल्या गोव्यात कायदा आहे, बापानं आपलं म्हटलं की पुरे. तुम्ही काय म्हणालात? तुम्ही चिडला नाय, शिवी दिली नाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, “शेवंता, तुझं खरं की माझ्या बाबाचं खरं हे मी कोण ठरवणार? आपण देवाला प्रसाद लावूया.”

आणि मी वेडी — मी खूश झाले! हो, खूश! मला वाटलं, देव तर खरंच बोलणार, मग घाबरायचं कशाला?

सोमवार होता. सगळं गाव जमवलंत तुम्ही. भटानं पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगाला चिकटवल्या, दोन्ही बाजूंना, आणि गाऱ्हाणं घातलं — पोर ह्या घराण्याची असेल तर उजवी दे महाराजा, नसेल तर डावी दे. तुम्ही आत, खांबाजवळ, पहिल्या ओळीत. माझी शालिनी पायरीवर. आत घेतली नाय तिला, पोटुशी आणि कुमारीण म्हणून. पायरीखालच्या मातीवर उभी, अनवाणी, वैशाखाचं ऊन, आणि मान उंच करून आत बघत होती — तिला देव दिसत नव्हता, माणसांच्या पाठी दिसत होत्या. ती मला विचारत होती, आये, पडली? आये, कुठली पडली? आणि मग सगळ्या पाठी एकदम हलल्या. डावी.

तुम्ही वळलात. मला अजून दिसतं तुम्ही कसं वळलात — सावकाश, मंगळसूत्र नीट करत. म्हणालात, “देवान सांगलां. आता माणसान काय बोलायचां?” बस. दुसऱ्या दिवसापासून दुकानदार मीठ देईना, पाववाला पोदेर सायकल घेऊन दारावरून पुढं जायचा, भोंगा वाजवायचा नाय. आम्ही गाव सोडलं.

मी त्या भटाला दोष देत नाय हो. पाणी कमी लागलं, वारा आला, कोणी सांगावं. मी देवालाही दोष देत नाय. मी तुम्हाला देते. कारण तुम्हाला देवाला विचारायची गरजच नव्हती. मुलगा घरात होता, त्याला विचारायचं! त्याला तुम्ही त्या दिवशी म्हापशाला पाठवलेलात, टायर आणायला.

असो. शालिनीला इथल्याच इस्पितळात पोर झाली आणि ताप आला तो गेलाच नाय. ती गेली. मी पोर घेऊन मुलाकडे गेले, सून दारातच म्हणाली, एक तर ती नाय तर आम्ही. तिचं तरी काय चुकलं, तिची स्वतःची दोन पोरं, कुडाच्या एका खोलीत. मग ह्या सिस्टरांकडे आणली. आणि गेटाबाहेर गेले, बस आली, बशीत बसले — आणि परत उतरले. म्हटलं, तुम्हाला रांधपीण पाहिजे काय? सिस्टर म्हणाल्या, ये, पण एक अट, पोरीला सांगायचं नाय तू कोण ते. एकीची आजी आहे आणि बाकीच्यांची नाय, हे इथं चालत नाय. मी कबूल झाले. म्हणून मी तिची शेवंतामावशी. सगळ्यांची शेवंतामावशी. तिचं अंथरूण ओलं झालं तरी मी आधी दुसऱ्या पोराचं बदलते, मग तिचं. कुणाला कळू नये म्हणून.

ते बघा. जनेलातून बघा, आता पाय पसरले तिनं. उजव्या पायाचं धाकटं बोट दिसतं? शेजारच्या बोटावर चढून बसलंय, घोड्यावर बसल्यासारखं. शालिनीचं तसं नव्हतं. माझं नाय, हा बघा माझा पाय. गोकुळदासबाबाचं तसं आहे, शालिनीनं सांगितलं होतं, बुटात लागायचं त्याला. आणि —

पाय लपवू नको, विनोदिनीबाय. चप्पल काढून बसलीस तेव्हाच बघितलं मी. साडी खाली ओढून काय होतं? देवाला काय विचारायचं ते विचारलंस, स्वतःच्या पायाकडे बघितलं नाय एकदा.

हो, तू म्हणाले. म्हणू दे. आपल्या बोलीत देवालाही तू म्हणतात.

आणि आता तुला नात आठवली. का आठवली ते मला सांगायची गरज नाय, तुझ्या गावच्या बशी इथूनच जातात. गोकुळदासाची गाडी घाटात उलटली, कंबरेपासून खाली सगळं गेलं, बायको होती ती माहेरी गेली ती गेलीच. मूल होतं कुठं तिला? गणपतीची चवथ आलीय परवावर. तुमच्या त्या मोठ्या चौकात माटोळी बांधायची, रानातली फळं टांगायची, आणि खाली उभं राहून हे काय ते काय विचारायला एक पोर नाय. मी ऐकलं तेव्हा हसले काय? हो. हसले. चुलीपुढं बसून एकटी हसले, मग पोरांची भाकरी करपली. मी म्हटलं, झालं, देवानं ह्या वेळी नीट ऐकलं. पाप लागलं तर लागो. तो गोकुळदास माझ्या पोरीनं इस्त्री केलेले शर्ट घालून फिरत होता, आता त्याला शर्ट घालायला दुसरं माणूस लागतं. मला वाईट वाटायला पाहिजे, नाय वाटत. आणि मग ही डेन्मार्कची माणसं आली, आणि मी ठरवलं — आता विनोदिनीला इथं आणायची. ह्या सोप्यावर बसवायची. ती आत, तू बाहेर. माझी पोर पायरीवर उभी राहून माणसांच्या पाठी बघत होती ना? तू गजांतून बघ. बघ आणि विचार, कुठली पडली.

म्हणूनच तर त्या पांडुरंगाकडे निरोप दिला मी, पाळीच्या बशीवर कंडक्टर आहे तो —

हो. मीच. मीच कळवलं. आता कळलं ना.

थांब, चूप बस जरा. आतून घंटा झाली, पोरांच्या पावाची वेळ. बघ आता काय करते ती. मी सांगते तुला — मी एक गोष्ट कोणाला सांगितली नाय. ही पोर पाव अख्खा खात नाय. पावाचा उंडा हातात आला की वरचा करकरीत पापुद्रा सोलते, मऊ तेवढं खाते आणि पापुद्रा मुठीत धरून ठेवते. सगळ्यात चांगलं ते! इतकी वर्षं, रोज, स्वयंपाकघराच्या दारात येते आणि मूठ उघडते. “शेवंतामावशे, तुका.” मी खाते. मुठीत घाम सुटलेला, मऊ झालेला पापुद्रा, कधी कधी त्याला माती. मी खाते. तिला सांगितलेलं नाय मी कोण ते, आणि तिला कुठून कळलं मग? कळलेलं नाय, उगीच माझं मन. पण खाते.

काल आली नाय. मी दारात उभी होते. पाव वाटून झाले, कोप धुऊन झाले, आली नाय. मी इथं आले, इथंच, तू बसलीस तिथं, आणि जनेलातून बघितलं. तिनं त्या बाईपुढं मूठ उघडली. आणि त्या बाईला काय कळणार! पण तिनं घेतला, तोंडात घातला, डोळे मिटले.

चांगली आहे ग ती बाई. मला वाईट मिळाली असती तर बरं झालं असतं.

मी काय सांगत होते? हां — निरोप. तुला वाटलं मी तुला चिडवायला बोलावलं. मलाही तसंच वाटलं होतं. दोन्ही खरं आहे. ऐक आता, आणि हे बाहेर नाय गेलं पाहिजे. गेल्या रविवारी मी माझ्या गावी गेले, सावंतवाडीकडे, आमच्या देवाला. कौल लावला. हो, मीच! ज्या पाकळीनं माझी पोर मातीत घातली, त्याच पाकळीला मी विचारायला गेले, दुसरं कोणाला विचारणार? कौल लावणाऱ्या घाड्याला म्हटलं, नाव घेऊ नको, एवढंच विचार — पोर जाऊ द्यायची तर डावी दे, आपल्या रक्तात राहायची असेल तर उजवी दे. त्याचं गाऱ्हाणं पुरं व्हायचं होतं बाय. अर्धं तोंडात होतं. उजवी पडली. टपकन. पाणीसुद्धा सुकलं नव्हतं तिचं.

मी आले परत, सिस्टरना काय बोलले नाय. अंगठा दिलेला आहे, मी काय बोलणार? रक्तात ठेवायची म्हणजे कुठं ठेवायची — माझ्या मुलाच्या दारात? माझ्या हातात पळी सोडून काय आहे? रात्री चूल विझवताना म्हटलं, देवा, तिच्या रक्तात मी एकटीच आहे काय? आणि मग तू आठवलीस. माझ्या शत्रूच्या मुलाच्या पायावर ते बोट आहे.

तेव्हा आता नीट ऐक, गाडीचा आवाज आला, वेळ थोडा आहे. सिस्टर लूर्दिना त्या पुढच्या खोलीत आहेत. तू उठायचं, आत जायचं, आणि एक वाक्य बोलायचं. ही माझ्या गोकुळदासाची मुलगी. बस. मी मागं उभी राहीन, म्हणीन, खरं आहे. सगळं थांबतं. जज्जाला सांगावं लागेल, गोकुळदासाला खाटीवरून बोलावं लागेल, ते सगळं होईल, पण आज ही गाडी रिकामी जाते. पोर पाळीला येईल. मी तुझ्या दारात येणार नाय, जा. मागल्या दारीसुद्धा येणार नाय. बस जाते ना तुमच्या घरावरून, मी बशीतून बघीन, खिडकीतून, कधी चौकात खेळताना दिसली तर दिसली. एवढ्यावर मी गप्प बसते. शालिनीचं सगळं गिळते. म्हण.

काय झालं? उठ ना.

लोक ऐकतील? इथं कोण लोक आहेत, आंधळी कुत्री आणि तो जीपवाला. कृष्णनाथ काय म्हणतील? म्हणू देत. देव? — अगो, तो अडकलाय घशात होय तुझ्या. सगळ्या गावासमोर देवानं डावी दिली, आता माझी म्हटलं तर देव खोटा पडतो. आणि देव खोटा नाय तर तू खोटी. खरं आहे, अडचण आहे. मग असं म्हण — विचारायचं चुकलं. देव नाय चुकला, आम्ही विचारलं ते चुकलं. चालेल? मी तुला वाट काढून देतेय बघ, मी! माझ्या पोरीला कुणी वाट काढून दिली नाय. म्हण. नाय तर माझ्यापुढं म्हणून बघ आधी, हळू. जिभेला सवय होईल.

नुसते ओठ हलवू नको.

आले. आले ते बाहेर. उभी राहा. सिस्टर पुढं आहेत बघ, पोर मधे, दोघांचे हात धरून. आपल्याच समोरून जाणार. आत जायचीसुद्धा गरज नाय आता, इथंच म्हण. नाय तर नुसती हाक मार. रेश्मा म्हण. मग पुढचं मी बोलते —

— काय गे बाळा? हो, मी बघितला, छान आहे फ्रॉक. केस कुणी बांधले, तिनं? बरे बांधलेत. हात दाखव, काय आहे मुठीत? मला? अगो आज मला कशाला... दे. दे हां, खाते. बघ, खाल्ला. ही? ही कोण म्हणून विचारतेस?

विनोदिनीबाय, पोर विचारते ही कोण.

...

ही कुणी नाय गे. पाळीची बाय आहे, वाट चुकली. जा तू, सिस्टर थांबल्यात. गाडीत जनेलाकडे बस, उलटी नाय होणार. जा.

गेली.

रडू नको आता. मी नाय रडत, तू कशाला रडतेस? काय? मोठ्यानं बोल, गाडीच्या आवाजात ऐकू नाय आलं. “आमचीच गे ती” — हे आता सांगतेस? आणि कुणाला, मला? मला ठाऊक होतं ते पहिल्या दिवसापासून, मला कशाला सांगतेस! माझे हात सोड. हात सोड आणि चप्पल घाल. जीप आहे ना तुझ्याकडे? त्यांची जुनी गाडी, सिस्टर हळू चालवायला लावतात, कोलवाळच्या पुलापर्यंतसुद्धा पोचले नसतील. पुलावर गाठशील. नाय तर पणजीला जज्जाच्या दारात गाठ. धाव! पदर राहू दे, धाव बाय, मी आहे मागं — मी धरते तुला, ये. बस. हां, बसलीस. मी येऊ? नको, बरं, तू जा. तो विचारतोय बघ ड्रायव्हर, कुठं म्हणून. पणजी काय पाळी, विचारतोय. सांग त्याला.

सांग.

...

पाळी म्हणालीस.

ऐकलं मी. दोनदा सांगायची गरज नाय, त्यालाही कळलं. बरं तर. हात काढ दाराचा, बोटं चेमटतील. तुझा चा निवला तिकडं सोप्यावर, साय धरली असेल. ओतून टाकते अळवात. जा.